पावणेदोन लाख किलोमीटर पळालेली ई-क्लास

मी घेतलेल्या गाडीच्या मीटरवर १,७४,००० किलोमीटर होते, आणि गाडी निवडताना हा आकडा मी तिच्या जमेच्या बाजूला धरला. हे ऐकल्यावर लोक चमकतात. जुनी गाडी घ्यायची तर ‘रनिंग कमी हवं’ हे आपल्याकडे वर्षानुवर्षं मनात बसलेलं गणित आहे. छोट्या पेट्रोल गाडीला ते बऱ्यापैकी लागूही पडतं. पण नऊ-दहा वर्षांची मोठी डिझेल सेडान घेताना नुसत्या त्या गणितावर विसंबणं महागात जातं, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे माझ्या व्यवहारातून आणि त्यानंतरच्या खर्चातून सांगतो. खाली दिलेले आकडे माझ्या गाडीचे आणि माझ्या गॅरेजचे आहेत, गावोगावी थोडा फरक पडणारच.

आधी गरज काय होती ते. शिरोली एमआयडीसीत माझं मशिन शॉप आहे. माल भोसरी-चाकणकडे जातो, त्यामुळे कोल्हापूर-पुणे रस्ता हा माझ्या कामाचाच भाग. एका बाजूचं अंतर साधारण २३० किलोमीटर. हे अंतर मी बरीच वर्षं हॅचबॅकमध्ये काढलं. पस्तिशीत ते चालून जातं, पंचेचाळिशी ओलांडली की कंबर बोलायला लागते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. गळीत हंगामात रात्री परत येताना कराडपासून किणी टोलनाक्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. तिथे हलक्या गाडीत बसून जाताना पोटात गोळा येतो. मला वजनदार गाडी हवी होती. जिचे ब्रेक, एअरबॅग आणि दिवे यांवर पैसे खर्च झाले आहेत, आणि जिच्या सीटवरून चार तासांनी उठताना पाठ धरावी लागत नाही, अशी.

सगळं धरून बजेट १५ लाख. एवढ्यात नवी घ्यायची तर चांगली छोटी एसयूव्ही येते. ती वाईट असते असं अजिबात नाही. पण मला जे हवं होतं ते त्या पैशांत नव्या गाडीत मिळत नाही, हे शोरूममध्ये बसून पाहिल्यावर कळलं. मग मी मर्सिडीजच्या ई-क्लासकडे वळलो.

ई-क्लासची डब्ल्यू २१२ या सांकेतिक नावाची पिढी भारतात २००९ मध्ये आली, २०१३ मध्ये तिचा चेहरा बदलला. मी २०१४चं मॉडेल शोधत होतो, ई २५० सीडीआय. २,१४३ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, २०४ अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, गाडीचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास. नवी असताना ऑन-रोड किंमत अर्ध्या कोटीच्या घरात. हे मॉडेल धरण्यामागे एक साधा व्यवहारी विचार होता. याच कुटुंबातलं इंजिन कंपनीने सी-क्लासपासून एस-क्लासपर्यंत आणि स्प्रिंटर व्हॅनमध्येही बसवलं आहे. म्हणजे भाग सर्वत्र मिळतात आणि त्यावर हात बसलेले मेकॅनिक ठिकठिकाणी सापडतात. जर्मनीत तर ई-क्लास टॅक्सी म्हणून धावते, तिथे दोन-तीन लाख किलोमीटर ही नवलाची गोष्ट नाही. आणि ही गाडी परदेशातून आणलेली नाही. १९९४ मध्ये टेल्कोबरोबर (आजची टाटा मोटर्स) भागीदारी करून ही कंपनी पुण्यात आली आणि २००९ पासून तिचा कारखाना चाकणला आहे. ज्या रस्त्यावरून मी माल घेऊन जातो, तिथेच ही गाडी जोडली गेली.

त्याच पैशांत जुनी एस-क्लासही मिळत होती. बघायला गेलो आणि मोहात पडेन की काय असं वाटलं, इतकी ती आतून देखणी. पण तिला हवेवर चालणारं सस्पेन्शन असतं. स्प्रिंगच्या जागी रबराच्या हवेच्या पिशव्या, त्यांना हवा पुरवणारा कॉम्प्रेसर, व्हॉल्व्हचा ठोकळा. रबर वयाने थकतं, मग गाडी रात्रीतून एका कोपऱ्यावर बसते आणि एका स्ट्रटचा खर्च ऐकून माणूसही बसतो. ई २५० ला साध्या लोखंडी स्प्रिंगा आहेत. सहा सिलिंडरची ई ३५० सीडीआयसुद्धा मी याच कारणाने सोडली: जास्त इंजेक्टर, गिचमिडीत बसलेलं इंजिन, मजुरी जास्त. जुनी मोठी गाडी घेताना त्या घराण्यातली सगळ्यात साधी घ्यावी.

दिल्लीच्या गाड्यांचाही मोह बाजूला ठेवला. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यामुळे मी शोधत होतो तेव्हा, म्हणजे २०२३ मध्ये, नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या तिकडे फार स्वस्त निघत होत्या. इथल्यापेक्षा दोन-अडीच लाखांचा फरक. पण तिकडून एनओसी आणायची, इथे पुन्हा महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा, नवा नंबर घ्यायचा, गाडी ट्रेलरवर आणायची, आणि या सगळ्याआधी हजार-दीड हजार किलोमीटरवर जाऊन ती तपासायची. बेरीज केल्यावर फरक उरतच नव्हता. शिवाय गाडीचा मेकॅनिक आणि गाडीचा इतिहास, दोन्ही हाताच्या अंतरावर राहिले नसते.

आता मीटरची गोष्ट. पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका दुकानात हुबेहूब मला हवी तशी गाडी उभी होती. चांदी रंग, २०१४, मीटरवर ६२,०००. किंमत पावणेपंधरा लाख, आणि ‘एवढं कमी रनिंग शोधून सापडणार नाही’ हे वाक्य जोडीला. मी बरोबर फक्त जर्मन गाड्यांचं काम करणारा एक तरुण मेकॅनिक नेला होता. त्याने आधी काही यंत्र काढलंच नाही. ब्रेक पेडलचं रबर पाहिलं, त्याच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. स्टिअरिंगच्या वरच्या भागाचं चामडं चकाकत होतं. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, जिथे उतरताना मांडी घासते, तिथे सुरकुत्या होत्या आणि त्यावर ताजं पॉलिश. मग त्याने लॅपटॉप जोडला.

या गाड्यांत एखाद्या मॉड्यूलने बिघाडाची नोंद केली, की तो किती किलोमीटरला आला हेही बरेचदा नोंदीबरोबर साठतं. डॅशबोर्डवरचा आकडा बदलणारा माणूस प्रत्येक मॉड्यूलपर्यंत पोचतोच असं नाही. स्क्रीनवर एक जुना, निरुपद्रवी कोड होता, दाराच्या कुठल्याशा स्विचचा. त्याच्या तपशिलात शेवटी लिहिलं होतं: १,१८,४०० किलोमीटर. मेकॅनिकने काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. विक्रेता म्हणाला, ‘साहेब, मीटर बदललेला असेल.’ बदलला असेलही. पण मग खरं रनिंग किती, हे सांगायला त्याच्याकडे एकही कागद नव्हता. मला राग आकड्याचा आला नाही. १,१८,००० हा या इंजिनाला काही मोठा आकडा नाही, खरं सांगून विकली असती तर कदाचित मी घेतलीही असती. राग याचा आला, की आकडा लपवल्याने गाडीचा सगळा इतिहास पुसला जातो. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, कूलंट कधी, ब्रेक कधी, काहीच कळत नाही. मग प्रत्येक काम झालेलंच नाही असं धरून चालावं लागतं आणि ते सगळे पैसे घेणाऱ्याच्या खिशातून जातात.

मी घेतलेली गाडी पुण्यातच मिळाली. मालक एका कंपनीतून निवृत्त झालेले, पहिलेच मालक, गाडी त्यांच्या स्वतःच्या नावावर. नोकरीत असताना त्यांचं पुणे-मुंबई सतत चालायचं, म्हणून एवढं रनिंग. त्यांनी दोन फायली टेबलावर ठेवल्या. पहिल्या सर्व्हिसपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक बिल, तारखेने लावलेलं, प्रत्येकावर किलोमीटर. १५,०००, २९,५००, ४४,०००, असा आकडा चढत गेलेला. १,२०,००० ला गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर. त्याच्या आसपास पुढच्या ब्रेकच्या डिस्क. उजव्या मागच्या दाराला ओरखडा गेला होता, त्याच्या पेंटिंगचं बिलसुद्धा होतं. मी त्या फायली तासभर वाचल्या. गाडी अजून पाहिली नव्हती, पण निम्मा निर्णय तिथेच झाला होता.

दुसरा निम्मा निर्णय त्यांच्या ड्रायव्हरशी बोलून झाला. मालक गाडीबद्दल प्रेमाने बोलतात, ड्रायव्हर खरं बोलतो. मामा गेली आठ वर्षं हीच गाडी चालवत होते. मी विचारलं, ‘मामा, गाडीला काय खोड आहे ते सांगा.’ ते म्हणाले, ‘खड्ड्यातून गेली की डावीकडून पुढं ठक्‌ करतं, दोन महिने झाले. आणि सिग्नलला उभी असली की स्टिअरिंगला बारीक थरथर येती. इंजिनाला मात्र बोट लावायचं काम न्हाई. घाट चढून आल्यावर मी कधी लगेच बंद केली नाही, मिनिटभर तशीच चालू ठेवतो.’ टर्बो असलेल्या डिझेल इंजिनला हे मिनिट फार मोलाचं असतं, आणि हे न सांगता पाळणारा माणूस आठ वर्षं स्टिअरिंगवर होता.

जास्त रनिंगबद्दल माझं म्हणणं नेमकं हेच आहे. हायवेवर सातव्या गिअरला शंभरच्या वेगात हे इंजिन दोन हजार आरपीएमच्याही खाली फिरतं. पूर्ण गरम झालेलं, तेलाचा दाब व्यवस्थित, ब्रेक क्वचित, गिअर बदल क्वचित. याउलट शहरात रोज चार-पाच किलोमीटर जाऊन बंद होणारी डिझेल गाडी कधी धड गरमच होत नाही. थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह आणि हवा आत घेणारा इनटेक यांत काजळी साठते, बॅटरी नीट भरत नाही, सील सुकतात. कॅलेंडरने थकणाऱ्या वस्तू, म्हणजे रबर, प्लॅस्टिक, कूलंट, टायर, त्या तर मीटरकडे बघतच नाहीत.

तपासणीच्या दिवशी मी आदल्या रात्रीच फोन करून सांगितलं होतं, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवणं. गार होती. हे का, तर या इंजिनाची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिचं काम निघालं तर मजुरी चांगलीच लागते. चेन सैल झाली असेल तर थंड इंजिन चालू करताना पहिले एक-दोन सेकंद खडखड ऐकू येते, गरम इंजिन ते लपवतं. आम्ही दोघं कान देऊन उभे होतो. डिझेलचा नेहमीचा टकटकाट, बाकी काही नाही. मग चालू इंजिनावर तेलाचं झाकण सैल करून धूर किती जोराने येतो ते पाहिलं, कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नाही ना ते पाहिलं. रंगाची जाडी मोजणारं यंत्र सगळ्या पत्र्यांवर १२०-१३० मायक्रॉन दाखवत होतं, उजव्या मागच्या दारावर २४०. फायलीतल्या बिलाशी ते जुळलं.

मग गाडी लिफ्टवर चढवली. मेकॅनिकने पुढच्या डाव्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या, बुशमध्ये (सांध्यातल्या रबरात) टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घालून हलकेच दाबली. रबराला पडलेली चीर उघडली, आत बोट जाईल एवढी. मामांची ठक्‌ तिथली. इंजिन ज्यावर टेकतं ते माउंटिंग खाली बसलेलं, स्टिअरिंगची थरथर तिथली. या गाड्यांच्या माउंटिंगमध्ये द्रव भरलेला असतो, तो गळून गेला की इंजिनाचे हादरे थेट बॉडीत येतात. टायरवरचा चार आकडी शिक्का उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतो: सहा वर्षांचे झाले होते. वॉटर पंपाखाली कूलंटचा वाळलेला गुलाबी डाग. डिक्कीतली बॅटरी ताणाखाली कमी भरत होती. हे सगळं मेकॅनिकने एका कागदावर लिहिलं आणि समोर रुपये मांडले. बेरीज पावणेतीन लाखांच्या आसपास.

तोच कागद घेऊन मी मालकांसमोर बसलो. ते पावणेतेरा लाख मागत होते. मी गाडीला नावं ठेवली नाहीत, उलट जपल्याबद्दल मनापासून कौतुक केलं, कारण ते खरं होतं. एवढंच म्हणालो, ‘साहेब, ही कामं मला पहिल्या वर्षात करावीच लागणार.’ त्यांनी कागद नीट वाचला, मामांना बोलावून दोन गोष्टी विचारल्या आणि ११ लाख ४० हजारांवर व्यवहार ठरला. मी पूर्ण रक्कम स्वतःचीच लावली. नऊ वर्षांच्या गाडीला कर्ज मिळायला त्रास होतो आणि मिळालं तर व्याज चढं असतं.

कागदपत्रांत एकच अडचण आली, पण ती नेहमीची आहे म्हणून सांगतो. मालकांचं गाडीचं कर्ज २०१८ मध्येच फिटलं होतं, तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेने तेव्हा दिलेलं पत्र जुनं झालं होतं. नवं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मिळेपर्यंत काही आठवडे गेले. गाडी पुणे आरटीओची, मी कोल्हापूरचा, म्हणून फॉर्म २८ ने एनओसी, आणि नाव बदलायला २९ व ३०. एकाच राज्यातली बदली असल्याने टॅक्स पुन्हा लागला नाही आणि एमएच १२ हा नंबरही कायम राहिला. माझा आग्रह होता की बोजा उतरेपर्यंत इसाराच्या वर रक्कम द्यायची नाही, आणि मालकांनाही तो रास्त वाटला. ई-चलनं तपासून त्यांनी भरून टाकली, त्यांचा फास्टॅग बंद करून मी नवा घेतला. विम्याचं लक्षात ठेवावं असं एकच: पॉलिसी गाडीबरोबर येते, नो क्लेम बोनस येत नाही. तो विकणाऱ्याचा असतो. पॉलिसी आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज करायचा.

विम्यावर थोडं थांबतो, कारण मोठ्या जुन्या गाडीची खरी भीती इंजिनात नसून पुढच्या दिव्यांत आहे. या वयाच्या गाडीला झिरो डेप, म्हणजे भागांची घसारा-कपात न करणारा विमा, सहसा मिळत नाही. मग अपघातात प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते. हेडलाइट प्लॅस्टिकमध्ये धरला जातो. आणि या गाडीचा एक एलईडी हेडलाइट नवा घ्यायचा तर लाखाच्या पुढे जातो. म्हणजे एखादा मोटारसायकलवाला चुकीच्या बाजूने आला आणि कोपरा लागला, तर विमा असूनही मोठा आकडा माझ्या अंगावर. म्हणून मी गावातल्या गर्दीत, महाद्वार रोडला वगैरे, ही गाडी नेतच नाही. तिथे स्कूटरच बरी. माझा वार्षिक हप्ता ३४,००० च्या आसपास आहे, त्यातले ७,८९७ अधिक जीएसटी हे थर्ड पार्टीचे. दीड हजार सीसीच्या वरच्या सगळ्याच खाजगी गाड्यांना तोच दर.

गाडी कोल्हापुरात आणली आणि आमच्या मेस्त्रींना दाखवली. पंचवीस वर्षं ते डिझेल गाड्यांत आहेत. फेरफटका मारून आले, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘मालक, गाडी पळालीया, पण कुणी मारलेली न्हाई.’ मग कामाला सुरुवात झाली.

अधिकृत सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट मी आधी घेऊन ठेवलं होतं. तेच काम बाहेर साधारण निम्म्यात झालं. पण हे निम्मं कसं होतं ते समजून घ्यायला हवं, नाहीतर ‘बाहेर करा, स्वस्त पडतं’ हा सल्ला फसवा आहे. या गाड्यांचे बरेच भाग कंपनी स्वतः बनवत नाही. लोअर आर्म लेमफोर्डरचे, फिल्टर मान किंवा माले यांचे. हेच उत्पादक तोच भाग स्वतःच्या डब्यात घालून कमी किमतीला विकतात. माझे आर्म आले तेव्हा मेस्त्रींनी एक उचलून उजेडात धरला. ॲल्युमिनियमवर एका ठिकाणी गोल खूण होती, ग्राइंडरने घासून काढलेली. तिथे मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. साच्यातून निघालेला भाग एकच, एकावर तारा राहतो, दुसऱ्यावरचा घासला जातो. माझा धंदाच यंत्रकामाचा असल्याने मी तो आर्म बराच वेळ हातात घेऊन बसलो. त्याच्या शेजारी दुकानदाराने दाखवलेला तिसऱ्याच बनावटीचा आर्म तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत होता, पण ओतकामाची कड खडबडीत, बुशचं रबर बोटाने दबेल इतकं मऊ. तो घेतला असता तर सातारा-कागल सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनवर वर्षभरही टिकला नसता.

भाग मागवताना नाव सांगून मागवू नये. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढायचा आणि त्या नंबरानेच मागवायचा. एकाच वर्षाच्या दोन ई-क्लासमध्येही ब्रेक पॅड वेगळे निघू शकतात.

पहिल्या वर्षी मी २६,००० किलोमीटर चालवली. खर्च असा. लोअर आर्म, लिंक आणि अलाइनमेंट ५४,०००. इंजिनाची दोन आणि गिअरबॉक्सचं एक माउंटिंग ४७,०००. २४५/४५ आर १७ मापाचे चार टायर ५८,०००. एजीएम बॅटरी २७,५००. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू होतं, त्यामुळे साधी बॅटरी घालून चालत नाही. वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि कूलंट ३३,५००. तेल-फिल्टरच्या दोन सर्व्हिस मिळून ३५,०००. कंपनी १५,००० किलोमीटर म्हणते, मी १२,००० ला बदलतो. साडेसहा लिटर तेल लागतं आणि ते मर्सिडीजच्या २२९.५१ मानकाचंच. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर ३१,०००. या गिअरबॉक्सचं तेल निळं असतं. माझ्या गाडीतून निघालं तेव्हा ते काळपट हिरवं झालं होतं, तळाच्या तेलपात्रातल्या चुंबकावर बारीक करड्या चिखलाचा थर होता, पण एकही कण नव्हता. मेस्त्रींनी तो बोटावर चोळून पाहिला आणि मान हलवली. त्या गिअरबॉक्सला तेल मोजायची पट्टीच नाही, तेलाचं तापमान स्कॅनरवर पाहत, ठराविक अंशाला आल्यावरच पातळी बघावी लागते. स्कॅनर नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम कुणी करतो म्हणाला, तर गाडी तिथून काढावी.

एकूण २,८६,०००. म्हणजे किलोमीटरला ११ रुपये नुसत्या देखभालीचे. हायवेला १५ चं ॲव्हरेज मिळतं, डिझेलचे सहा-सव्वासहा रुपये वेगळे. हा आकडा ऐकून कुणी मागे हटला तर त्याने हटावंच. अकरा-बारा लाखांत मिळाली तरी ही अर्ध्या कोटीचीच गाडी आहे, तिच्या ब्रेकला आणि टायरला आपण ती किती रुपयांत घेतली हे माहीत नसतं. गाडीच्या किमतीच्या पाव हिस्सा रक्कम बाजूला नसेल, तर तीच गाडी सहा महिन्यांत अंगणात झाकून उभी राहते आणि मग खरोखर बिघडते. अशी उभी राहिलेली बरीच पाहिली आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं.

दुसऱ्या वर्षी चित्र बदललं. २५,००० किलोमीटरला १,१८,०००. त्यात पुढच्या डिस्क व चारही चाकांचे पॅड ५२,०००, दोन सर्व्हिस ३६,०००, एसीचं काम १८,०००, आणि डायव्हर्जनवरच्या एका खड्ड्यात वाकलेली रिम सरळ करून एक टायर बदलला त्याचे १२,०००. किलोमीटरला पावणेपाच रुपये. एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. आई आमच्याबरोबर पुण्याला येते, तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. वाईच्या फाट्यापर्यंत पोचेतो ती बहुतेक वेळा झोपलेली असते. हॅचबॅकमध्ये ती कधी झोपली नव्हती.

आता मीटर २,२५,००० च्या पुढे गेलं आहे. जुन्या गाड्यांना लागू झालेली नवी नंबरप्लेट बसवून झाली. मागच्या सबफ्रेमचे (मागची चाकं धरणाऱ्या सांगाड्याचे) बुश थकायला लागले आहेत, ते दिवाळीत शॉप बंद असताना करायचे. चेनचा विषय मी मेस्त्रींकडे काढला होता. त्यांनी लाखाच्या आतला अंदाज दिला आणि सांगितलं, ‘गार इंजिनाला आवाज न्हाई तवर हात लावायचा न्हाई. पर दर म्हैन्याला एकदा सकाळी मला ऐकवा.’ महिन्याला १०,००० रुपये गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात पडतात, चेनची रक्कम तिथे तयार आहे. २०२९ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा फिटनेस करून पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर भरावा लागेल. तोपर्यंत मीटर तीन लाखांच्या पुढे गेलेलं असेल, आणि माझी बिलांची तिसरी फाईल भरत आलेली.